वाचकांचे प्रश्न: क्रिलिन कुठे कमी पडतो?

प्रश्न: धाकट्या भावाशी माझा वाद काही मिटत नाही. 'ड्रॅगन बॉल झी'मधले क्रिलिन, यामचा, तेनशिनहान लहानपणापासून घाम गाळतात, तरी परग्रहावरून कोणीही उतरला की त्यांना लोळवतो. भावाचं म्हणणं, माणसंच आळशी. मला हे पटत नाही. खरं कारण काय?

उत्तर: मलाही पटत नाही. या कथेत क्रिलिनइतकी मेहनत करणारे फार थोडे आहेत, आणि त्याच्यावर आळसाचा शिक्का बसलेला पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

आधी एक गोष्ट भावाला आठवून द्या. कथेचा नायक गोकू पहिल्या पानापासून परग्रहवासीच आहे, फक्त ते आपल्याला कळायला फार वेळ लागतो. अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' ही मूळ चित्रकथा १९८४ मध्ये जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली, तेव्हा तो शेपूट असलेला एक रानटी पोरगा होता, एवढंच. हाच पोरगा तेनकाइची बुदोकाई या मल्लांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोनदा हरला. एकविसाव्या स्पर्धेत जॅकी चुन या नावाने उतरलेल्या त्याच्याच गुरूने, कामे-सेन्निनने, त्याला हरवलं. बाविसाव्या स्पर्धेत तेनशिनहानने. दोघेही पृथ्वीवर घडलेले मल्ल. म्हणजे माणूस म्हणून जन्मलात की हरलातच, असा नियम कथेत सुरुवातीला नव्हता.

मग बदललं काय? रॅडिट्झ आला, गोकूचाच भाऊ आणि त्याच्यासारखाच सैयान, म्हणजे परग्रहावरच्या एका लढाऊ जमातीतला. त्याच्या डोळ्यावरच्या यंत्राने, स्काउटरने, एका शेतकऱ्याची ताकद मोजली: ५. गोकूची निघाली ३३४. त्यानंतर वर्षभरात नॅपा आणि व्हेजिटा हे आणखी दोन सैयान आले. त्यांनी मातीत पेरून उगवलेल्या साइबामान या बुटक्या प्राण्यांची ताकदच प्रत्येकी १२०० होती. खुद्द व्हेजिटा १८ हजारांच्या घरात. पुढे नामेक ग्रहावर फ्रीझा हा खलनायक सांगतो, माझी ५ लाख ३० हजार, आणि तीसुद्धा रूप न बदलता. आकड्यांची ही चढण पाहिली की कळतं, मेहनतीने भरून निघेल असं हे अंतरच नाही.

कथेने त्याची कारणंही दिली आहेत. सैयानांमध्ये बाळ जन्मलं की त्याची ताकद मोजत, आणि कमी ताकदीच्या बाळाला जिथले रहिवासी दुबळे, अशाच ग्रहावर पाठवत. गोकू पृथ्वीवर आला तो याच हिशेबाने. म्हणजे पृथ्वी ही लेखकाने मुद्दाम निवडलेली कच्ची जमीन. शिवाय सैयानांच्या मूळ ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दहापट. तिथे नुसतं उभं राहणं हाच व्यायाम.

पण गुरुत्वाकर्षणावर सगळं ढकलू नका. तेनशिनहान, यामचा आणि त्यांचा साथीदार चाओझू मेल्यावर परलोकातल्या कायो या गुरूच्या ग्रहावर पोचले. तिथेही दहापट ओढ आहे, तिथे त्यांनी सराव केला, तरी फ्रीझाच्या जवळपासही ते आले नाहीत. माझ्या मते निर्णायक कारण वेगळं आहे: सैयान मरणाच्या दारातून परतला की आधीपेक्षा बलवान होतो. माणूस तसाच उठतो, किंवा उठतच नाही. नामेकवर व्हेजिटा क्रिलिनला स्वतःवर वार करायला लावतो तो प्रसंग पाहा. क्रिलिन त्याच्या शरीरातून आरपार वार करतो, देंदे हा नामेकवरचा मुलगा त्याला बरं करतो आणि व्हेजिटा ताकद वाढवून उभा राहतो. त्याच लढाईत फ्रीझाच्या शिंगाने क्रिलिनही भोसकला गेला होता आणि त्यालाही देंदेनेच वाचवलं. त्याला काय मिळालं? फक्त जीव. एकाच औषधाचे दोन वेगळे परिणाम, आणि याला कोणतीही तालीम उपाय नाही.

यात साप्ताहिकाचा दबावही जमेला धरा. १९९५ पर्यंत ५१९ प्रकरणं. एक खलनायक संपला की पुढचा त्याहून मोठा हवा. प्रत्येक वेळी नायकाला नवी उडी घ्यायची तर त्याच्या अंगात ती क्षमता जन्मजात असली पाहिजे. सैयान रक्ताने ती सोय झाली. क्रिलिनच्या रक्तात अशी सोय नव्हती, म्हणून तो कथेच्या कडेला सरकत गेला. मला हा तोटा मोठा वाटतो.

आता तुमच्या बाजूने बोलतो, कारण भावाला सांगण्यासारखं खरं इथेच आहे. या कथेतली विद्या बहुतांशी माणसांची आहे. कामेहामेहा, म्हणजे तळहातांतून ऊर्जेचा झोत सोडायची विद्या, साधायला कामे-सेन्निनची पन्नास वर्षं गेली. गोकूने ती एकदाच पाहिली आणि लगेच एक गाडी उडवली. देणगी त्याची, शोध म्हाताऱ्याचा. डोळे दिपवणारं ताइयोकेन तेनशिनहानचं आणि कापत जाणारी किएन्झानची चकती क्रिलिनची. पुढे सेल हा खलनायक हे सगळं वापरतो. स्वतःला विश्वाचा सम्राट समजणारा फ्रीझासुद्धा चकती फेकतो, तेव्हा ती एका टकल्या पृथ्वीवासीयाची कल्पना असते. शत्रूची ऊर्जा डोळे मिटून ओळखायची आणि स्वतःची लपवायची, हेही पृथ्वीवरच शिकवलं गेलं. सैयान तेव्हा यंत्रावर अवलंबून होते आणि त्या आकड्यांमुळेच फसत होते.

तीच चकती क्रिलिनने नॅपावर सोडली तेव्हा नॅपा हसत उभा होता. व्हेजिटाने ओरडून त्याला बाजूला व्हायला लावलं नसतं तर त्याचं काम तिथेच संपलं असतं. गालावर ओरखडा घेऊन तो वाचला, मागचा डोंगर मात्र कापला गेला. यंत्रावर मोजता न येणारी गोष्ट ती हीच. देंदेने बरं केल्यावर क्रिलिनने त्याच चकतीने फ्रीझाची शेपूट तोडली. आणि तेनशिनहान! सेल दुसऱ्या रूपात असताना, ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असताना, या माणसाने शिन किकोहो या आपल्या ऊर्जाविद्येचे वार एकामागून एक करून त्याला खड्ड्यात दाबून ठेवलं, डॉक्टर गेरो या शास्त्रज्ञाने घडवलेले क्रमांक अठरा आणि सोळा निसटावेत म्हणून. सेलला ओरखडाही पडला नाही. संपूर्ण मालिकेतलं माझं सर्वांत आवडतं युद्ध हे आहे, आणि ते तसं आहे कारण लढणारा माणूस आहे. रूप पालटून बलवान झालेल्या सुपर सैयानाने हेच केलं असतं तर मी पान उलटून पुढे गेलो असतो.

प्रश्न: मग सर्वांत बलवान माणूस कोण? उत्तर एका ओळीत द्या.

उत्तर: एका ओळीत बसणार नाही. शरीरात काहीच न बदललेल्यांमध्ये माझं मत क्रिलिनला, त्याच्या पाठोपाठ तेनशिनहान. पण तेनशिनहानच्या तिसऱ्या डोळ्यामुळे त्याच्या वंशाबद्दल चाहत्यांत वाद होतात, ते लक्षात ठेवा. क्रमांक सतरा आणि अठरा जन्माने माणसंच, डॉक्टर गेरोने त्यांची शरीरं बदलली. 'ड्रॅगन बॉल सुपर'मधल्या विश्वांच्या स्पर्धेत शेवटी मैदानावर उरतो तो सतराच, गोकू नव्हे. त्याला माणूस धरलंत तर वाद संपला. आणि मूळ कथेच्या अगदी शेवटी उब नावाचा एक गरीब घरचा मुलगा येतो. पृथ्वीवर जन्मलेला, पण बू या खलनायकाचा पुनर्जन्म. गोकू घरदार सोडून त्याला शिकवायला निघून जातो. बाहेरून आलेली ताकद त्याच्यातही आहे, म्हणून माझ्या यादीत मी त्याला क्रिलिनच्या वर ठेवत नाही. तुमचा भाऊ ठेवणार असेल तर त्याने कारणं लिहून पाठवावीत, पुढच्या अंकात छापू.