‘केबिनची उंची वाढली’ म्हणजे नेमकं काय?

एका वाचकाचा प्रश्न आहे: सायप्रसच्या हेलिओस एअरवेजच्या 2005 मधल्या विमान अपघातावरच्या मराठी मजकुरात ‘केबिनची उंची 10,000 फुटांवर गेली की भोंगा वाजतो’ असं वाक्य आलंय. विमान 34,000 फुटांवर असेल तर केबिन 10,000 फुटांवर कशी? ‘उंची’ हा शब्द चुकलाय का?

चुकलेला नाही, अपुरा आहे. वैमानिक ‘केबिन अल्टिट्यूड’ म्हणतात तेव्हा ते केबिनमधल्या हवेचा दाब फुटांत सांगत असतात. डोंगरावर ज्या उंचीला हवेचा दाब तेवढा भरतो, ती उंची. बोइंग 737 मध्ये हा आकडा एरवी 8,000 च्या आत ठेवतात. आपलं कळसूबाई सुमारे 5,400 फूट, म्हणजे सगळं सुरळीत असतानाही प्रवासी कळसूबाईच्या माथ्यापेक्षा विरळ हवेत बसलेला असू शकतो. आकडा 10,000 ला पोचला की भोंगा वाजतो आणि 14,000 च्या आसपास ऑक्सिजनचे मास्क खाली पडतात.

घोटाळा होतो तो दिशेचा. ही ‘उंची’ वाढते तेव्हा दाब कमी होत असतो. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात इंजिनातून केबिनला हवा पुरवणारा ‘ब्लीड’ स्विच चालू करायचा राहून गेला. 166 प्रवाशांपैकी तीसेक जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत आणावं लागलं. याचं कारण ‘दाब वाढल्यामुळे’ असं लिहिलं तर अर्थ पार उलटा होतो. आणि तो ‘ब्लीड’ रक्ताचा नव्हे, इंजिनातून काढून घेतलेल्या हवेचा.

आता हेलिओसचं वाक्य. 14 ऑगस्ट 2005 ला हे विमान सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं होतं. आधी झालेल्या हवागळतीच्या तपासणीनंतर केबिनच्या दाबनियंत्रणाचा खटका ‘ऑटो’वर न आणता ‘मॅन्युअल’वरच राहिला होता, त्यामुळे विमान वर चढताना दाब आपोआप राखला गेला नाही. उड्डाणपूर्व तयारीत, इंजिन सुरू करण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये आणि उड्डाणानंतरच्या चेकलिस्टमध्ये, असा तीनदा तो ध्यानात यायला हवा होता. आला नाही. पुढे भोंगा वाजला, पण उड्डाणासाठी विमानाचे फ्लॅप (पंखांच्या हलत्या पट्ट्या) वगैरे नीट लावलेले नसतील तर जमिनीवर वाजतो तोही भोंगा हाच. वैमानिकांना तो जमिनीवरचाच इशारा वाटला. ऑक्सिजन कमी पडू लागला की आधी विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे चूक उमगण्याची संधीही हातची जाते. विमानातले सगळे 121 जण गेले.

म्हणूनच त्या मजकुरातलं ‘चेकलिस्ट वाचली होती’ हे वाक्यही मला खटकतं. चेकलिस्टमध्ये एकाने बाब उच्चारायची आणि दुसऱ्याने खटक्याकडे बघून तो कुठे आहे ते सांगायचं असतं. याला मराठीत ‘पडताळणं’ हा चोख शब्द आहे. ‘चेकलिस्ट वाचली, पण खटका पडताळला गेला नाही’ असं लिहिलं की चूक कुठे झाली ते वाचकाला कळतं.

मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘केबिनमधल्या हवेचा दाब 10,000 फूट उंचीवरच्या हवेइतका कमी झाला की भोंगा वाजतो.’ तांत्रिक मजकुरात ही संज्ञा वारंवार येत असेल तर ‘केबिनची दाब-उंची’ वापरावी आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगावी. बातमीत मात्र सरळ ‘केबिनमधला हवेचा दाब घटला’ असं लिहावं.