डीएनए एकच, मग रंग दोन कसे?

प्रश्न: सर, प्रॅक्टिकलला आम्ही एकच यीस्ट दोन प्लेटवर वाढवलं, एकीत फॉस्फेट भरपूर, दुसरीत नावापुरतं. वरून अल्फा-नॅफ्थाइल फॉस्फेट आणि फास्ट ब्लू बी सॉल्ट ही रंगचाचणीची रसायनं ओतल्यावर दुसरीतल्या कॉलनी (पेशींचे पुंजके) गडद लाल झाल्या, पहिलीतल्या पांढऱ्याच राहिल्या. डीएनए तर तोच! शिवाय पहिलीतही एक लाल कॉलनी होती, ती कशी?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कराड

उत्तर: तो लाल रंग अ‍ॅसिड फॉस्फेटेज या एन्झाइममुळे येतो. फॉस्फेटची चणचण भासली की यीस्ट 'फो-५' हे जनुक चालू करतं आणि तयार झालेलं एन्झाइम पेशीभित्तिकेत नेऊन ठेवतं. तिथे ते आसपासच्या सेंद्रिय रेणूंतलं फॉस्फेट तोडून घेतं. एन्झाइम बाहेरच असल्यामुळे तुम्हाला पेशी फोडाव्या लागल्या नाहीत.

हे जनुक चालू करणारं प्रथिन म्हणजे फो-४. फॉस्फेट मुबलक असताना फो-८० आणि फो-८५ ही प्रथिनांची जोडगोळी त्याला पाच ठिकाणी फॉस्फेट चिकटवते आणि त्याची केंद्रकातून हकालपट्टी होते. फो-४ वर फॉस्फेट चढवणारी हीच जोडी, हे संशोधक एरिन ओ'शी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं.

इथे उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास भेटतं: 'फॉस्फेटच संपलं, मग चिकटवणार काय?' मी त्याला शून्य देतो. उपाशी पेशीतही इतर कितीतरी प्रथिनांना फॉस्फेट चिकटतच असतं. टंचाईत फो-८१ हे प्रथिन त्या जोडगोळीला थोपवून धरतं, एवढंच. मग फो-४ केंद्रकात टिकतं, फो-५ जनुकाच्या प्रमोटरवरचे (जनुक चालू करण्याच्या जागेवरचे) न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए गुंडाळलेले प्रथिनांचे गोळे, हटतात आणि आरएनए बनू लागतो. फॉस्फेट आत ओढणाऱ्या फो-८४ या वाहकाचं जनुकही असंच जागं होतं.

मीडियम बदलल्याबरोबर मात्र रंगाची अपेक्षा करू नकोस. पेशीच्या व्हॅक्युओलमध्ये (साठवणीच्या पिशवीत) पॉलिफॉस्फेटची, म्हणजे फॉस्फेटच्या लांब साखळ्यांची कणगी असते. ती उपसली जाईपर्यंत फो-५ सुस्तच राहतं.

आता ती आगंतुक लाल कॉलनी. भरपूर फॉस्फेटच्या नव्या प्लेटवर ती पुन्हा पसरव. सगळी प्रजा गडद लाल निघाली, तर म्युटेशनचा, म्हणजे जनुकातल्या बदलाचा संशय घे. फो-८० किंवा फो-८५ बिघडलं असेल. नुसती गुलाबी छटा आली, तर ते फो-३ या दुसऱ्या अ‍ॅसिड फॉस्फेटेजचं काम. ते फॉस्फेट असो-नसो चालूच असतं. खात्रीसाठी तिचा साध्या यीस्टशी संकर कर. डिप्लॉइड (दोघांचेही जनुकसंच असलेलं यीस्ट) पांढरं आलं तर दोष अप्रभावी, म्हणजे फो-८० किंवा फो-८५. लाल आलं तर दोष प्रभावी, मग फो-४ किंवा फो-८१ तपास.