ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये छोटा लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) बसवून बुलेट मोटरसायकलचे पार्ट बनवता येतील का?

हो, येतात. टेबलावरचा मिनी लेथ घरच्या २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालतो. मी वागळे इस्टेटमध्ये टर्नर आहे, घरी असाच एक ठेवलाय. सुरुवात अॅल्युमिनियमच्या बार-एंडपासून (हँडलच्या टोकांना बसणारे तुकडे) करा. टूलवर रॉकेलचे दोन थेंब सोडले की बर (कापलेल्या धातूचा कीस) चिकटत नाही आणि फिनिश आरशासारखं येतं. आवाजापेक्षा त्रास बरचाच, घरभर पायात टोचते (बायकोचा शेरा इथे लिहीत नाही). जाड रबराची मॅट मात्र घालाच, खालच्या मजल्यावर कंपनं जातात.

पण अॅक्सल, ब्रेक आणि स्टिअरिंगचं काही घरी करू नका. चाकाच्या दोन बेअरिंगमधला साधा स्पेसरच (अंतर राखणारी नळी) घ्या: अर्धा मिलिमीटर आखूड निघाला तर अॅक्सल आवळताना बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर आडवा जोर येतो आणि बेअरिंग लवकर जातं. असलं काम वागळे किंवा रबाळ्याच्या जॉबवर्कवाल्याकडून मापात करून घ्या. चेसिस किंवा इंजिनात बदल करायचा असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचा.