रिकामी लेन कुणाला द्यायची?

प्रश्न : मुलाकडे कॅलिफोर्नियात राहून नुकताच सोलापूरला परतलो. तिथे हायवेवर डाव्या कडेला शंकरपाळ्याच्या आकाराची खूण काढलेली एक लेन असते. गाडीत किमान दोघे असतील तरच तीतून जायचं. पूर्वी म्हणे हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असली की एकट्यालाही ती लेन मोकळी असायची, सरकार स्टिकर द्यायचं. एवढी चांगली योजना बंद का केली? आणि आपल्या पुणे रोडवर चांगलं ॲव्हरेज देणाऱ्या गाड्यांना अशी लेन का देऊ नये?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी तिकडचं सांगतो. ती लेन राखली गेली ती माणसं मोजून. एका गाडीत चौघे बसले की रस्त्यावरच्या तीन गाड्या कमी होतात, एवढा साधा हिशोब. वॉशिंग्टनजवळच्या शर्ली हायवेवर १९६९ मध्ये बससाठी वेगळी वाट केली आणि १९७३ मध्ये चौघे बसलेल्या मोटारींनाही तीत सोडलं. ॲव्हरेजचा तेव्हा प्रश्नच नव्हता. तो पुढे हायब्रिड गाड्या खपवायच्या होत्या तेव्हा आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना मुभा दिली आणि कॅलिफोर्नियाने पिवळी स्टिकरं काढली. अट गॅलनला ४५ मैलांची. तीत बसल्या तीनच गाड्या : प्रियस, सिव्हिक हायब्रिड आणि इनसाइट. स्टिकरं ८५,०००. ती संपल्यावर स्टिकर लावलेल्या जुन्या गाडीला बिनस्टिकरच्या गाडीपेक्षा जास्त भाव येऊ लागला. गिऱ्हाईक पैसे कशाचे मोजत होतं ते यावरून ओळखा.

आता गंमत अशी की लेन रिकामी आहे तोवरच तिला किंमत. जितक्यांना वाटाल तितकी ती भरणार, आणि भरली की चौघांनी एका गाडीत बसायचं कशाला? म्हणून तिकडे नियम आहे : गर्दीच्या वेळी त्या लेनचा वेग ताशी ४५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरच्या, खाली वारंवार जायला लागला तर राज्याने उपाय करायचा. पिवळी स्टिकरं १ जुलै २०११ ला रद्द झाली. इलेक्ट्रिक आणि प्लग-इन गाड्यांची सवलत त्यानंतरही चालू होती, ती केंद्राची मुदत संपल्यावर ३० सप्टेंबर २०२५ ला गेली.

पण दुसरी बाजूही ऐका. हायब्रिड बाहेर काढल्यावर बर्कलीच्या संशोधकांना दिसलं की राखीव लेनचाच वेग घटला. बाहेर काढलेल्या गाड्या शेजारच्या लेनमध्ये आल्या, तिथे तुंबारा झाला, आणि तुंबलेल्या रांगेला खेटून कुणी सुसाट जात नाही. कोण कधी मध्ये घुसेल याचा नेम नसतो. पॉलिटेक्निकात ट्रॅफिक शिकवायचो तेव्हा हा निष्कर्ष मी पोरांना मुद्दाम सांगायचो, कारण कागदावर उलटंच वाटतं.

आता पुणे रोड. एका बाजूला लेन दोन. हंगामात मोहोळच्या अलीकडे उभे राहून बघा : दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, टेपावर जोरात गाणं आणि स्वारी खुशाल उजव्या लेनमधून. दोनातली एक राखून ठेवली तर एसटी, कंटेनर आणि हे महाराज सगळे उरलेल्या एकीत. शिवाय ती लेन मिळणार कुणाला? गॅलनला ४५ मैल म्हणजे लिटरला १९ किलोमीटर. चाचणीची पद्धत वेगळी असते हे धरूनही, आपली साधी वॅगनआर कंपनीच्या कागदावर २४ च्या वर देते. मोटरसायकलचं तर विचारूच नका. तिला अमेरिकेतही एकट्याने त्या लेनमधून जाऊ देतात. संध्याकाळी सात रस्त्याच्या सिग्नलला बघा, मध्ये टॉवेलचा गठ्ठा धरून दोघे एका गाडीवर असतात. माणसंही दोन, ॲव्हरेजही भरपूर. तिकडच्या नियमाने अख्खं सोलापूर राखीव लेनमध्ये आणि मोकळ्या लेनमध्ये फक्त मोठ्या एसयूव्हीवाले!

गाडी स्वच्छ असेल तर पैशाची सवलत द्यावी. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी ठेवली आहे, ते मला पटतं. त्यात दुसऱ्याच्या वाटेचा रस्ता जात नाही. आणि लेन राखायचीच झाली तर ती बसला राखा. केगावला विद्यापीठात जाणारी पोरं ताटकळतात ती बससाठी.

प्रश्न : त्या लेनमध्ये माणसं मोजतं कोण? तान्हं बाळ धरतात का?
– एक वाचक, आसरा

उत्तर : पोलीस बघतात. कॅलिफोर्नियात बाळ धरतात, मात्र ते त्याच्या सीटवर नीट बांधलेलं हवं. पोटातलं चालत नाही. शेजारच्या सीटवर टोपी घातलेला पुतळा बसवणारेही सापडतात. दंड किमान ४९० डॉलर. जकार्तात याहून वरताण. तिथे १९९२ पासून मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत तिघे असण्याची सक्ती होती. लगेच रस्त्याकडेला भाड्याने बसणारी माणसं उभी राहू लागली. कडेवर मूल असलेल्या बाईला जास्त मागणी, कारण ती दोन धरली जायची. शेवटी २०१६ मध्ये तो नियम काढला आणि नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यावर दिवस वाटून दिले.