‘सेव्हरन्स’ पाहून मानसशास्त्राकडे वळावे का?

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. ‘सेव्हरन्स’ या मालिकेत मेंदूवर शस्त्रक्रिया करून कर्मचाऱ्यांच्या ऑफिसमधल्या आणि बाहेरच्या आठवणी एकमेकींपासून तोडलेल्या असतात. ती पाहिल्यापासून, ऑफिसमधली हेली आणि बाहेरची हेली यांतली खरी कोणती, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. मला मानसशास्त्र शिकायचे आहे. एका मालिकेवरून असा निर्णय घेऊ नये, असे आई-बाबांचे म्हणणे आहे.

उत्तर : मालिकेमुळे विषयाची ओढ लागली, यात मला काहीच गैर वाटत नाही, मात्र ही ओढ नेमकी कशाची आहे, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तपासायला हवे. २०२२ साली सुरू झालेल्या या मालिकेच्या पहिल्याच भागात, टेबलावर शुद्धीवर आलेली हेली अमेरिकेतल्या एका राज्याचे नाव सांगू शकते, पण आईच्या डोळ्यांचा रंग तिला सांगता येत नाही. जगाविषयीचे ज्ञान आणि स्वतः जगलेल्या प्रसंगांची आठवण वेगवेगळी असते, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ एन्डेल टलव्हिंग यांनी १९७२ मध्ये केली होती आणि हेलीचा तो प्रसंग या मांडणीत चपखल बसतो.

प्रत्यक्षातले उदाहरण मला याहूनही विलक्षण वाटते. अपस्मारावरील उपचार म्हणून १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवे अनुभव त्यांच्या लक्षात राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना, हात फक्त आरशात पाहत, दुहेरी रेषांनी काढलेल्या चांदणीच्या त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला सांगितले. तीन दिवसांत त्यांच्या चुका कमी होत गेल्या, तरी हे आपण आधी केल्याचे त्यांना आठवत नव्हते.

‘खरी हेली कोणती’ हा तुझा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. सतराव्या शतकात तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी व्यक्तीची ओळख जाणिवेच्या सातत्याशी जोडली, तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. मिलनर यांच्यासारखे काम करायचे असेल, तर मानसशास्त्राच्या पदवीनंतर संज्ञानात्मक विज्ञानाकडे, म्हणजे स्मृती, लक्ष, विचार यांच्या शास्त्रीय अभ्यासाकडे जाता येते. आयआयटी कानपूर आणि अलाहाबाद विद्यापीठात त्याचे स्वतंत्र विभाग आहेत. रुग्णांवर उपचार करायचे असतील, तर नुसती एम.ए. पुरत नाही, त्यापुढे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. मानसशास्त्र म्हणजे केवळ मनमोकळ्या गप्पा, असे समजून आलेली हुशार मुले संख्याशास्त्राच्या पेपरपाशी हिरमुसलेली पाहून मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून परीक्षा संपल्यावर आरशात पाहून तशीच चांदणी दहा वेळा गिरव, दर वेळी लागलेला वेळ आणि रेषेबाहेर गेलेल्या चुका मोज आणि त्यांचा आलेख काढ. त्या मोजणीत मन रमले, तर तो आलेख आई-बाबांपुढे ठेवून प्रवेशाचे बोल.