माथेरान शोधणाऱ्या मॅलेटचं आडनाव ‘हातोडा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आलं का?

नाही. हातोड्याचं हे उत्तर इतक्यांदा वाचलंय की खोडल्याशिवाय राहवत नाही. लाकडी हातोड्याच्या जुन्या फ्रेंच शब्दात ‘एल’च्या आधी ‘आय’ येतो. या आडनावात तो नाही. घराण्याच्या ढालीवरही हातोडे नाहीत, निळ्यावर तीन सोनेरी शिंपले आहेत.

विल्यम मॅलेट १०६६ साली इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमच्या बाजूने लढला. सफक परगण्यातल्या आय गावचा किल्ला त्याचा. १०८६च्या डोम्सडे जमीनपाहणीत त्याच्या मुलाच्या, रॉबर्टच्या नावावर सफकमधली गावंच्या गावं आहेत. सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटवरून आडनाव पडलं, असं सांगणारेही भेटतात. उलट आहे. ‘शेप्टन’ म्हणजे मेंढ्यांचं गाव, मॅलेट हे मालकाचं नाव मागून जोडलेलं. १२१५च्या मॅग्ना कार्टावर, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेवर, नजर ठेवायला नेमलेल्या २५ सरदारांत याच सॉमरसेटचा एक विल्यम मॅलेट होता.

आपल्याकडचा घोळ वेगळाच: दोन मॅलेट एक करून टाकतात. पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, तो चार्ल्स वॉर मॅलेट; टिपूविरुद्धचा १७९०चा तह त्याने जुळवला, १७९१ला बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. १८५०ला माथेरान चढलेला ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा त्याचा मुलगा.

मग मूळ शब्द कोणता? मालो या संताच्या नावाचं लाडकं रूप, हे मला सर्वांत पटतं. ‘शापित’ अर्थाचा जुना फ्रेंच शब्दही सुचवला जातो. मात्र इंग्लंडमधला प्रत्येक मॅलेट या सरदारांचा वंशज नव्हे. मेरीच्या ‘मॅल’ या लाडक्या नावावरूनही काही घरांना ते पडलं.

म्हणून कुळ शोधायचं तर १०६६पासून खाली येऊ नका, आजपासून मागे जा. १ जुलै १८३७पर्यंत सरकारी जन्ममृत्यू नोंदी, त्याआधी चर्चची दप्तरं. ती फार तर १५३८पर्यंत नेतात. एक ‘एल’, दोन ‘एल’, शेवटी एक ‘टी’, दोन ‘टी’, चारही तऱ्हा शोधा. कारकून कानाला लागेल तसं लिहायचा. साउंडेक्स या उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या पद्धतीत चारहींचा कोड एम४३० येतो, पण मिलेटचाही तोच, आणि ते आडनाव निराळं. १७५२पूर्वी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे दप्तरात फेब्रुवारी १७०० दिसला तर तो आपल्या हिशेबाने १७०१. हे विसरलात तर लग्नाआधीच बापाचं दफन झालेलं दिसेल आणि बरोबर सापडलेला माणूस तुम्ही चुकीचा म्हणून सोडून द्याल.