हॉलभर पाहुणे आणि एक रिमोट: कोणता गेम घ्यावा?

मे महिन्यात नागपुरातल्या मनीषनगरच्या घरी भाचरं, आत्या, आजी-आजोबा सगळे जमणार, तर अंग हलवून खेळायचा गेम घ्यावा का आणि कोणता, असं तुम्ही विचारलंय. घ्याच. फक्त निवडताना खेळणाऱ्याचा नको, सोफ्यावर बसून बघणाऱ्यांचा विचार करा.

नेहमीच्या गेममध्ये नुसते अंगठे हलतात. शेजारी बसलेल्या आत्याला त्यात काय कळणार? इथे मामा उभे राहून, रिमोट धरलेला हात फिरवून बॉल टाकतात, आणि त्यांची फजिती अख्ख्या हॉलला दिसते. २००६ साली निन्टेंडो कंपनीचं वी (Wii) हे टीव्हीला जोडायचं गेमयंत्र आलं तेव्हा त्याचं चित्र प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या स्पर्धक यंत्रांसमोर फिकंच होतं. तरी १० कोटींवर यंत्रं खपली, त्या दोघांपेक्षाही जास्त. बहुतेक देशांत सोबतच मिळणाऱ्या वी स्पोर्ट्स या गेममधल्या बोलिंगच्या (क्रिकेटमधली नव्हे, चेंडू घरंगळत सोडून समोरच्या पिना पाडायची) तर अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत स्पर्धा भरायला लागल्या.

माझं मत विचाराल तर घर भरलेलं असताना टेनिसपेक्षा बोलिंगच. टेनिसमध्ये खेळणारे सतत गुंतलेले, बाकीचे आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत. बोलिंगमध्ये एक जण टाकतो आणि बाकीच्यांची तोंडं सुरू. "आजी, जोर लावा जरा!" "काय करून राहिला बे, सगळे बाजूनं गेले ना!" वी स्पोर्ट्सच्या बोलिंगला एकच रिमोट चौघांत फिरवता येतो, आणि तो हातोहात फिरवण्यातच अर्धी गंमत आहे.

घरातला एखादा दहावीतला पोरगा मात्र लवकरच मेख ओळखेल. वीच्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलेरोमीटर असतो. हात नेमका कुठे आहे हे त्याला कळत नाही, झटका तेवढा कळतो. म्हणजे टेनिसमध्ये सोफ्यावर रेलून नुसतं मनगट उडवलं तरी फटका बसतो. पोरगा जिंकत जातो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. टाळ्या पडतात पूर्ण हात फिरवून चेंडू सोडणाऱ्या आत्यालाच. आमच्या घरी म्हणून उभं राहूनच खेळायचं असा नियम आहे.

कायनेक्ट (२०१०), म्हणजे एक्सबॉक्सला जोडायचा कॅमेरा, हातात काहीच न धरता चालतं. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकलं गेलं होतं. लहान पोरांना ते फार आवडतं. पण दोघांना खेळायचं तर टीव्हीपासून आठेक फूट मागे उभं राहावं लागतं, म्हणजे फ्लॅटमध्ये आधी दिवाण सरकवा. शिवाय ते इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके टाकून माणूस ओळखतं. खिडकीतून आपलं नागपुरी ऊन थेट आत आलं की ते ठिपके त्यात बुडून जातात, त्यामुळे दुपारी पडदे ओढावे लागतात (मे महिन्यात ते ओढलेलेच असतात म्हणा). साडीत पाय झाकलेले असले की त्याचा आणखी गोंधळ. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं, आता मिळेल ते जुनंच.

नवं हवं असेल तर निन्टेंडोचंच स्विच हे यंत्र आणि २०२२ चा स्विच स्पोर्ट्स हा गेम घ्या, त्यातही बोलिंग आहे. स्वस्त पडतं म्हणून स्विच लाइट मात्र उचलू नका. त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि ते टीव्हीलाही जोडता येत नाही, म्हणजे तुमच्या कामाचंच नाही. आपल्याकडे स्विच बहुधा आयात केलेलंच मिळतं, वॉरंटी कोण देणार ते पैसे देण्याआधी विचारून घ्या.

मनगटाचा पट्टा प्रत्येकानं अडकवायचाच, आजोबांनीसुद्धा. हातातून सुटलेले रिमोट टीव्हीवर जाऊन आदळायला लागले, तेव्हा २००६ च्या डिसेंबरातच निन्टेंडोनं सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायचं जाहीर केलं होतं. उंच भाच्याला पंख्याखाली उभं करू नका.

जुनं वी घेणार असाल तर दुकानातच जोडून बघा. टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणतात, पण तिच्यात सेन्सर वगैरे काही नसतो, दोन्ही टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात फक्त. ते दिवे बघणारा कॅमेरा असतो रिमोटच्या तोंडाशी. यंत्र सुरू असताना मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पट्टीकडे बघा, दिवे चालू असतील तर जांभळट चमकतात. पट्टी मेलेली निघाली आणि बाकी सगळं ठीक असेल तर भाव पाडून घेऊन टाका. टीव्हीसमोर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम भागतं, फक्त कूलरचा झोत तिकडे नको.